कापसाच्या मुलखात बर्फाचा माणूस

डिसेंबर अर्धा सरला की अमरावती-अकोल्यातल्या औषधांच्या दुकानांत एक वेगळेच गिऱ्हाईक दिसू लागते. रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, दुकानदार शटर ओढण्याच्या बेतात असतो आणि कुणाची तरी आई धावतपळत येऊन कापसाचे बंडल मागते. घरात कुणाला जखम झालेली नसते. पहिलीतल्या पोराला उद्या सकाळी शाळेत 'स्नोमॅन' न्यायचा असतो. पुठ्ठ्याचे दोन गोल, त्यांवर डिंकाने चिकटवलेला कापूस, काळ्या कागदाची टोपी आणि नाकाच्या जागी नारिंगी कागदाचे गाजर. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या भिंतीवर अशी चाळीस बर्फाची माणसे एका रांगेत उभी राहतात आणि त्यांच्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिलेले असते : हिवाळा.

याच दिवसांत शहराबाहेर पाच-सात किलोमीटर गेले, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी फुटलेली असते. वेचणी चालू असते. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकून राहिलेला असतो. ज्या मुलखाची पिढ्यान्‌पिढ्यांची सुखदुःखे कापसाच्या भावाशी बांधलेली आहेत, त्या मुलखातले लेकरू औषधाच्या दुकानातून विकतचा कापूस आणते आणि त्याचे बर्फ करते. ते बर्फ त्याने पाहिलेले नसते, त्याच्या बाईंनी पाहिलेले नसते आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची झळ सोसणाऱ्या त्याच्या अकोल्याने तर नसतेच नसते. मात्र कापसाचे बोंड कसे दिसते, असे त्याला विचारले तर ते आईच्या तोंडाकडे पाहते.

ही टीका नाताळावर नाही आणि इंग्रजी शाळांवरही नाही. नाताळ हा आनंदाचा सण आहे. तो शाळेत जरूर साजरा व्हावा. इंग्रजी माध्यमाचा प्रश्नही वेगळा आहे, कारण मराठी शाळांतूनही हल्ली हेच नमुने भिंतीवर चढू लागले आहेत. प्रश्न आहे तो लहान मुलांच्या हस्तकलेतून ऋतू शिकवण्याचा. शाळा मुलाच्या हातात जी वस्तू देते, तिच्यातून ती त्याला काहीतरी सांगत असते. आपण काय सांगतो आहोत, याचा विचार आपण करतो का?

ऑक्टोबरचे उदाहरण घ्या. तयार छापील कागदांतून मुलांना 'ऑटम' शिकवला जातो. झाडाचे एक चित्र असते, त्याची पाने नारिंगी-तांबडी रंगवायची आणि काही पाने खाली पडताना दाखवायची. थंड देशांत त्या महिन्यांत हे खरेच घडते. आपल्याकडे त्या वेळी आश्विन असतो. पाऊस नुकताच ओसरलेला, आभाळ धुतलेले, तूर कमरेला लागलेली आणि झाडे वर्षात कधी नसतील इतकी हिरवीगार. आपली पानगळ शिशिराची. माघ-फाल्गुनात कडुनिंब झडतो, पिंपळ झडतो, मेळघाटातल्या सागाच्या मोठ्या पानांवरून चालले की पापड मोडल्यासारखा आवाज येतो आणि निष्पर्ण पळसावर केशरी फुले येतात. हे सारे घडते तेव्हा शाळेत कुणी त्याकडे पाहत नाही. पानगळ ऑक्टोबरमध्येच 'पूर्ण' झालेली असते. वहीत तशी सही-तारीख असते.

वर्गाच्या खिडकीबाहेर हिरवा कडुनिंब उभा असताना 'पाने गळतात' असे लिहिणारे सहा वर्षांचे मूल त्यातून काय शिकते? ते शिकते की कागदावरचे खरे आणि खिडकीबाहेरचे खोटे. डोळ्यांना दिसते त्यावर विसंबायचे नसते. गुण हवे असतील तर छापील चित्रावर विसंबायचे असते. हा धडा एकदा अंगात मुरला की तो जन्मभर पुरतो. पुढे हीच मुले मोठी होऊन विज्ञानाच्या व्याख्या घडाघड म्हणतात आणि घरामागच्या झाडाचे नाव विचारले की गप्प होतात. मला खरी चिंता याची वाटते, कापसाच्या बंडलाची नाही.

गंमत म्हणजे इथला ऋतू वेगळा आहे, हे शासनाने मान्य केलेले आहे. उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा होते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे त्याहून उशिरा, जून सरता सरता उघडतात. म्हणजे शाळेच्या दाराला इथला ऋतू कळतो. तो दारातून आत, वर्गापर्यंत का पोचू नये?

आता दुसरी बाजू पाहू : या वस्तू करतो कोण? प्रत्येक घरातल्या आईला याचे उत्तर ठाऊक आहे. शाळेतून निरोप येतो रात्री, वस्तू हवी असते सकाळी. कागद कापायचा तो आईने, चिकटवायचे बाबांनी, आणि मूल शेजारी बसून डिंकाच्या बाटलीचे झाकण उघड-मीट करणार. हल्ली तेवढेही कष्ट नकोत. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार स्नोमॅन मिळतो, तयार राखी मिळते, तयार झोपडी, तयार ज्वालामुखीसुद्धा मिळतो. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी घातली. तरी शाळेच्या 'प्रोजेक्ट'साठी म्हटले की कुठून तरी एखादा पांढरा तुकडा निघतोच. मग प्रदर्शन भरते. सर्वांत देखण्या वस्तूला पहिला क्रमांक मिळतो, म्हणजे तो कुणाच्या तरी आईला किंवा दुकानदाराला मिळतो. आणि ज्या मुलाने खरोखर स्वतःच्या हातांनी वेडेवाकडे काही केलेले असते, ते आपली वस्तू पाठीमागे लपवून उभे राहते.

ज्या घरात दिवसाच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घरातले मूल तर वस्तूच आणत नाही. 'का आणले नाही?' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असते, पण ते वर्गात मोठ्याने सांगता येत नाही. चकाकता कागद, रंगीत टिकल्या, डिंकाची बाटली अशा किरकोळ खरेद्यांची वर्षाची बेरीज केली, तर तेवढ्यात त्याची वह्या-पुस्तके येतील. हस्तकलेच्या तासाला तरी श्रीमंत-गरीब हा भेद दिसू नये. आज तो सर्वांत ठळक दिसतो तो त्याच तासाला.

मग आपल्या वऱ्हाडात ऋतूंच्या वस्तू कोणत्या? त्या शोधायला कुठे जावे लागत नाही. जून अखेरीस शाळा उघडते तेव्हा पेरणीची लगबग असते. नारळाच्या करवंटीत माती भरून मूग, ज्वारी, तूर आणि सरकी असे चार दाणे वेगवेगळे पेरावेत आणि कोण आधी डोके वर काढतो, ते रोज पाहावे. मूग सरकीच्या आधी उगवतो, हे मुलांनी स्वतः पाहिले की ते पुन्हा पाठ करावे लागत नाही. श्रावणात राखी येते. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्रातून बांबूच्या राख्या घडल्या आहेत. ती कल्पना शाळेत सुतळीने आणि बियांनीही साधता येते.

श्रावणी अमावास्येला पोळा. दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. नागपूरकडे लाकडी बैलांची मोठी ऐट. आपल्याकडे मातीचा बैलही तितकाच लाडका. काळ्या मातीचा बैल करायला बसले की पहिली अडचण ठरलेली : वाळता वाळता तो तडकतो. का तडकतो? कारण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच गुणामुळे. मग मुले त्यात वाळू घालून पाहतात, राख घालून पाहतात, बारीक भुसा घालून पाहतात. तिसऱ्या खेपेला बैल उभा राहतो. त्याचा एक पाय आखूड असतो, शिंगे दोन दिशांना गेलेली असतात. पण आपल्या पायांखालच्या मातीची जात त्या मुलाला कळलेली असते. यापेक्षा चांगला भूगोलाचा तास मला माहीत नाही.

भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई येते ती कोजागिरीपर्यंत राहते. भुलोबा-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, वर नव्या ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, पोरींची गाणी आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्याची मजा. घरोघरची रीत थोडी निराळी. ज्वारीच्या धांड्याची साल काढून आतल्या पांढऱ्या गाभ्याचे तुकडे केले की त्यांतून बैलगाडी होते, चष्मा होतो, खुर्ची होते. डिंक लागत नाही, खिळा लागत नाही, सालीची काडी टोचली की सांधा पक्का. पण हा धांडाच हल्ली मिळेनासा झाला आहे, कारण वऱ्हाडातला ज्वारीचा पेरा गेल्या काही दशकांत सोयाबीनने खाल्ला. बरे, मग हाच प्रश्न मुलांपुढे ठेवावा : आजोबांच्या लहानपणी अंगणात धांड्यांचा ढीग असे, आज का नाही? चौथीचे मूल हा प्रश्न घरी नेईल आणि घरात त्यावर तासभर बोलणे होईल.

पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात दहीभात नेऊन सीतादही करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यानंतर दिवस येतात कापसाचे. शेवटी फाल्गुनात पळसाची फुले पाण्यात उकळून रंग आणि पळसाच्या पानांना काड्या टोचून द्रोण. असे वर्ष पुरे होते आणि खर्च जवळजवळ शून्य.

इथे एक सावधगिरी हवी. अमरावती आणि अकोल्यातल्या वर्गांत हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशी सगळीच मुले एका बाकावर बसतात. आपण ऋतूंची वही सणांच्या नावाने लिहिली, तर काही मुलांना ती परकी वाटेल. म्हणून जोर सणावर नको, ऋतूवर हवा. पूजा ज्याच्या त्याच्या घरची. माती, बैल, बोंड, धांडा आणि पान मात्र सगळ्यांचे. काळी माती तडकताना कुणाची जात विचारत नाही.

हाताने शिकण्याचा हा विचार आपल्याला नवा नाही. तो आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात जन्मला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. एखाद्या हस्तोद्योगाभोवती सगळे शिक्षण गुंफावे, अशी ती कल्पना. मध्य प्रांत-वऱ्हाडचे त्या वेळचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी खेड्यांसाठी विद्यामंदिर योजना मांडली. पुढे कितीतरी शाळांत मुलांच्या दप्तरात टकळी आणि पेळू आले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली आणि तो शब्द वेळापत्रकात कायमचा येऊन बसला.

मग हे सगळे मावळले का? शिक्षक तयार नव्हते, साहित्य नव्हते, ही कारणे आहेतच. पण एक कारण त्याहून खोल आहे आणि ते मी बँकेच्या नोकरीत पीककर्जाच्या निमित्ताने खेड्यांतून हिंडताना शेतकऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले. 'सायेब, कापूस वेचनं तं आमच्या पोट्ट्याले घरीच येते. शाळेत बी थेच कराचं असन, तं मंग धाडाचं काहाले?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या पिढ्या राबण्यात गेल्या, त्याला शाळा हवी असते ती राबण्यातून सुटण्यासाठी. त्याच्या मुलाच्या हातात टकळी दिली की त्याला वाटते, याने इथेच राहावे असे कुणीतरी ठरवले आहे. शहरातल्या वकिलाच्या मुलाला मातीचा बैल ही गंमत असते; शेतमजुराच्या मुलाला माती ही रोजची असते. हा फरक विसरून हस्तकलेचे गोडवे गाणे हा शहरी शौक ठरेल.

या प्रश्नाचे उत्तर मला सापडते ते ताराबाई मोडक यांच्या कामात. विवाहानंतर काही वर्षे ताराबाई आपल्या अमरावतीतच राहिल्या होत्या, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. पुढे त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये नेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीबाईंची साधने महाग होती. ताराबाईंनी त्यांमागचे तत्त्व घेतले आणि साधने मात्र परिसरातली वापरली : शिंपले, खडे, बिया, पाने. मोजणे, लावणे, वेगळे करणे, तुलना करणे हे सगळे त्यांतून होऊ लागले. त्या मुलांना बिया नव्या नव्हत्या. बियांकडे पाहण्याची रीत नवी होती.

फरक आहे तो इथे. शेतात मूल कापूस वेचते तेव्हा त्याला कुणी 'का?' विचारू देत नाही, कारण सूर्य मावळायच्या आत ओझे भरायचे असते. शाळेने नेमका तो 'का?' द्यावा. वर्गात शंभर ग्रॅम कापूस तोलून घ्या. मुलांना हातांनी सरकी वेगळी करू द्या आणि पुन्हा तोला. रुई भरेल जेमतेम एक तृतीयांश. बाकी सारी सरकी. आता विचारा : बाबा विकतात ते काय? जिनिंगवाला विकतो ते काय? सरकीचे पुढे काय होते, तेल कुणाला, ढेप कुणाच्या गाईला? शर्टाला लागतो तो कापूस किती आणि शर्टाची किंमत किती? पाचवीच्या मुलाला हा हिशेब येतो. आणि शेतमजुराच्या मुलाला वर्गात पहिल्यांदाच असे काही ठाऊक असते, जे डॉक्टरच्या मुलाला ठाऊक नसते. त्या दिवशी बोट वर करणारे मूल वेगळे असते. त्याच्या बापाचे काम शाळेच्या फळ्यावर लिहिले गेलेले असते. सुटकेची वाट असेल तर ती याच दिशेने जाते : जे हात नुसते राबत होते, ते मोजू लागले, विचारू लागले, म्हणजे.

स्वस्तात हे होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी सातपुड्याच्या पलीकडे पाहावे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून तीस वर्षे खेड्यांतल्या शाळांतून प्रयोगांनी विज्ञान शिकवले गेले. त्याच कार्यक्रमात अरविंद गुप्ता यांना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांतून आकृत्या जोडण्याची युक्ती सुचली. टाकाऊतून खेळणी करण्याच्या त्यांच्या कामाला २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. काडीला काडी जोडताना त्रिकोण हलत नाही आणि चौकोन मात्र झुकतो, हे मुलाच्या बोटांना आधी कळते, डोक्याला नंतर.

शिक्षकांवर आणखी एक ओझे नको, ही तक्रार रास्त आहे. दोन शिक्षकांवर चालणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आधीच कागदांचा डोंगर असतो. पण वेळ आता थोडा मोकळा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत आणि महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आला. तो शनिवार आणखी एका छापील कागदाने भरायचा की एका पिशवीभर बोंडांनी, एवढेच ठरवायचे आहे. खेड्यातल्या शाळेला बोंडे कुंपणापलीकडे मिळतील. शहरातल्या शाळेत एका पालकाने पिशवीभर आणली तरी सबंध शाळेला पुरतील.

माझ्या मते तीन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ. पहिली, हस्तकलेची वस्तू शाळेतच, शाळेच्या वेळात व्हावी. घरून करून आणायला सांगूच नये. दुसरी, साहित्य शक्यतो विकतचे नसावे. जे त्या महिन्यात आसपास पडलेले, उगवलेले, उरलेले आहे तेच घ्यावे. तिसरी, सुबकपणाला क्रमांक देणे बंद करावे. भिंतीवर सगळ्या वस्तू लावाव्यात आणि प्रत्येक मुलाने आपली वस्तू करताना काय अडले, ते दोन वाक्यांत सांगावे. ज्याला अडले ते सांगता येते, त्याने ती स्वतः केलेली असते.

आणि बर्फाचा माणूस? त्यालाही जागा आहे. जग मोठे आहे, मुलांना ते कळलेच पाहिजे. काश्मीरमध्ये पौषात काय होते, तिथली मुले शेगडीला कांगडी का म्हणतात, तिला फिरनच्या आत का ठेवतात, हे सांगत सांगत जरूर करावा बर्फाचा माणूस. पण आधी बोंड, मग बर्फ. आपल्या अंगणातला हिवाळा कळला की दुसऱ्याच्या अंगणातल्या हिवाळ्याचे नवल वाटते. आपला ठाऊकच नसेल, तर नवल कशाचे वाटणार?

पालकसभांत आपण गुणांबद्दल विचारतो, बसबद्दल विचारतो, फीबद्दल तर विचारतोच. पुढच्या सभेत एक साधा प्रश्न विचारून पाहा : 'बाई, या महिन्यात मुलांनी शाळेच्या आवारातून काय उचलून आणले?' आणि घरी ज्यांचे आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांना एकदा शाळेत पाठवावे. धांड्याची गाडी करता येणारे हात अजून अमरावती-अकोल्याच्या घराघरांत आहेत. ते थकले आहेत, पण विसरलेले नाहीत. त्यांना कुणी बोलावले नाही, एवढेच.